‘ब्रेड’ला ‘ब्रीड’ म्हणणारी मुलगी आणि इतर पत्रं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं इंग्रजी वाचनातल्या स्वरांच्या जोड्यांबद्दल आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढे ढकललेत. एक गोष्ट आधीच सांगते. अक्षरांची नावं मी देवनागरीत लिहिणार आहे : ए, ई, आय, ओ, यू. ‘ए’ म्हणजे ॲपलमधलं पहिलं अक्षर आणि ‘ई’ म्हणजे एगमधलं. मात्र ‘लांब ई’ किंवा ‘आखूड ए’ म्हणेन, तेव्हा ते अक्षर नव्हे, मराठी कानाला ऐकू येणारा आवाज समजा. हे डोक्यात पक्कं करूनच पुढे वाचा, नाहीतर ‘ए-आय’ आणि ‘ई-ए’मध्ये मुलांच्या आधी आपलाच गोंधळ व्हायचा.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेत त्यांना शिकवलंय, ‘दोन स्वर फिरायला निघाले की पहिला बोलतो, दुसरा गप्प.’ त्यामुळे रेन, बोट, सीट ती झटकन वाचते. पण ब्रेडला ब्रीड म्हणते आणि हेडला हीड. मी अडवलं की वर मलाच ऐकवते, ‘नियम आहे ना!’ तिला अपवादांची यादी पाठ करायला देऊ का? – एक आई

अजिबात देऊ नका. तुमची मुलगी नियम प्रामाणिकपणे पाळते आहे. लंगडा आहे तो नियम.

१९६३ साली थिओडोर क्लायमर या अमेरिकी अभ्यासकाने प्राथमिक वर्गांत शिकवले जाणारे फोनिक्सचे, म्हणजे अक्षरांवरून आवाज ओळखायचे, ४५ नियम घेतले आणि मुलांच्या वाचनपुस्तकांतल्या शब्दांना ते लावून पाहिले. ‘पहिला बोलतो, दुसरा गप्प’ हा नियम जिथे लागू व्हायला हवा होता, त्यातल्या जेमतेम ४५ टक्के शब्दांनी तो पाळला. बाकीच्यांनी धुडकावला. त्याच तपासणीत ‘डबल ई दिसली की लांब ई म्हणायचं’ हा साधा नियम मात्र ९८ टक्के वेळा खरा ठरला. तेव्हा सगळ्या जोड्यांना एकच कायदा लावायच्या भानगडीत मी पडत नाही. प्रत्येक जोडीचा स्वभाव वेगळा, तर ओळखही प्रत्येकीची स्वतंत्र करून द्यावी.

डबल ई आणि ओ-ए या शहाण्या जोड्या. ग्रीन, ट्री, शीट, वीक. बोट, कोट, रोड, गोल. ओ-एचा ठळक अपवाद म्हणजे ‘ब्रॉड’, आणि तो दुसरीतल्या मुलीच्या वाटेला इतक्यात येत नाही. ए-आयसुद्धा बऱ्यापैकी भरवशाची : रेन, ट्रेन, चेन, पेंट. फक्त ‘म्हणाला, म्हणाली’ या अर्थाचा ‘सेड’ गोष्टींत पानोपानी भेटतो आणि त्यातली ए-आय आखूड ए बोलते. तो एक शब्द पहिल्यापासून आख्खाच ओळखीचा करून टाकावा. ओ-आयही सरळमार्गी आहे, कॉइन, बॉइल, पण तिथे पहिला बोलून दुसरा गप्प बसत नाही. दोघं मिळून तिसराच आवाज काढतात. फिरायला निघालेल्यांचा नियम तिथेही कामाचा नाही.

खरी खोडकर ती ई-ए. टीम, सीट, लीडरमध्ये ती लांब ई. ब्रेड, हेड, हेवीमध्ये आखूड ए. आणि ग्रेट, ब्रेक, स्टेक अशा मोजक्या शब्दांत लांब ए. हा लहरीपणा वाटतो, पण त्याला इतिहास आहे. साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीतले लांब स्वर उच्चारात आपापल्या जागेवरून सरकले. मांसाचं मीट (ई-ए) आणि भेटण्याचं मीट (डबल ई) पूर्वी वेगवेगळे ऐकू येत, पुढे दोन्ही एकच झाले. ब्रेड, हेड यांच्यातला स्वर आखूड झाला, ग्रेट-ब्रेक मध्येच कुठेतरी अडकून राहिले. स्पेलिंग मात्र बरंचसं जुन्या उच्चारावरच थिजलं, कारण विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना सुरू केला होता आणि छापलेलं रूप हळूहळू घट्ट होत गेलं. मुलीच्या ‘नियम आहे ना’ला उत्तर द्यायचं तर एवढंच सांगा : लिहिणं जुनं आहे, बोलणं बदललं. सात वर्षांच्या मुलांना हे कळतं आणि आवडतंही. मोठ्यांचंही काहीतरी बिनसलेलं असतं, हे कळल्याचा आनंद असतो त्यात.

मग घरी काय करायचं? ई-ए दिसली की आधी लांब ई लावून बघायची. हीड. असा शब्द ऐकलाय का कधी? नाही. मग आखूड ए. हेड. ऐकलाय! झालं, पुढच्या शब्दावर जायचं. तिसरा आवाज फक्त हे दोन्ही फसले तर. तुम्ही ‘चूक’ म्हणू नका, ‘असं कोणी बोलतं का गं?’ एवढंच विचारा. (ब्रीड हा शब्द इंग्रजीत आहे, कुत्र्याची जात विचारताना लोक तो वापरतात. घरात कुत्रा असेल तर पहिल्या दिवशी ब्रेडच्या वाटेला जाऊ नका.)

यातली मेख लक्षात घ्या. दुसरा आवाज लावून बघण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो शब्द मुलीच्या कानाला आधीपासून माहीत असतो. कुरणाला इंग्रजीत मेडो म्हणतात हे तिने कधी ऐकलंच नसेल, तर मीडो काय आणि मेडो काय, तिला दोन्ही सारखेच. आधी वाचन पक्कं होऊ दे, मग शब्द वाढवू, असं म्हणून चालत नाही ते यामुळे. ई-ए कोणत्या आवाजाची हा निवाडा शेवटी शब्दसंग्रहच करतो.

आणि मराठी बोलणाऱ्या मुलांची ही शिल्लक आपण समजतो त्याहून बरीच मोठी असते. टीचर, लीडर, स्पीकर, क्रीम, टीम, सीट, क्लीन हे शब्द ती रोज बोलतात, या सगळ्यांत ई-ए आहे. हेडफोन, ब्रेड, स्वेटर, हेल्थ यांतही ई-ए आहे, आखूडवाली. स्वेटरमध्ये ई-ए निघते तेव्हा मुलं चाटच पडतात. लोन, कोच, टोस्ट, लोड हे ओ-एचे. वेटिंग, पेंट, चेन, ब्रेन हे ए-आयचे. हे शब्द मुलांनी कानाने आणि अर्थाने आधीच कमावलेले आहेत, फक्त त्यांचं इंग्रजी रूप डोळ्यांनी पाहिलेलं नाही. म्हणून वहीचं एकेक पान एकेका जोडीला द्या आणि सुरुवात या घरच्याच शब्दांनी करा. ई-एला दोन पानं. जोडीची दोन्ही अक्षरं एकाच रंगाने लिहायची. घरात बोलता बोलता नवा शब्द सापडला की तो कोणत्या पानावर जाईल, यावर आधी वाद घालायचा आणि मग शब्दकोश उघडायचा. ज्या यादीवर भांडण झालं, ती पाठ करावी लागत नाही.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवते. मुलं प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. शिवाय शिप आणि शीप, फिल आणि फील, सगळं त्यांना एकसारखंच ऐकू येतं. देवनागरीत लिहू द्यावं का? – एक शिक्षिका

बाई, खोडरबर घेऊन मागे लागू नका, पण सवय मोडा. वर देवनागरी असली की डोळा तिकडेच जातो. मूल ‘सीट’ वाचतं ते वरचं, खाली ई-ए आहे की डबल ई, हे त्याने पाहिलेलंच नसतं. महिनाभराने वरचं पुसलं की खालचा शब्द पुन्हा कोराच. आणि देवनागरी इथे हातचं राखून सांगते. शेपटीचं टेल आणि गोष्टीचं टेल आपण एकसारखेच लिहिणार. ब्रेडमधला आखूड ए आणि ग्रेटमधला लांब ए यांना आपल्याकडे मात्रा एकच. उच्चार विसरेल अशी भीती असेल तर शब्दाशेजारी छोटं चित्र काढू द्या. अर्थ आठवला की आवाज मागोमाग येतो.

शिप-शीपचं दुखणं वेगळं आहे आणि त्याचं मूळ मराठीत आहे. आपल्या शुद्धलेखनाचा नियम तुम्ही पोरांना शिकवतच असाल : अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ. बहीण, कठीण, फूल, मूल. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द वेगळे, पण एरवी हा नियम आपल्या जिभेच्या वळणाचाच आहे. शेवटच्या व्यंजनाआधीचा इ किंवा उ आपण आपोआप लांबवतो. म्हणून तुम्ही फळ्यावर पहिली वेलांटी देऊन ‘शिप’ लिहिलंत तरी मूल ‘शीप’च म्हणणार. शिवाय दिन-दीन, सुत-सूत असे थोडेच शब्द सोडले तर ह्रस्व-दीर्घाने मराठीत अर्थ पालटत नाही. ज्या फरकावर आयुष्यात काही अडलं नाही, तो कान कशाला टिपेल? इंग्रजीत मात्र त्यावर बरंच अडतं. जहाज आणि मेंढी, बसणं आणि आसन, भरणं आणि जाणवणं.

माझा क्रम असा असतो. आधी चित्रं : एका कार्डावर जहाज, एकावर मेंढी. मी शब्द म्हणते, मुलांनी कार्ड वर करायचं. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. मग उलटं, मूल बोलेल आणि वर्ग कार्ड दाखवेल. हा भाग मुलांना फार आवडतो, कारण जहाज म्हणायला गेलं की चाळीस मेंढ्या वर येतात. शीपला ओठ फाकतात, शिपला सैल राहतात, हे आरशात बघू द्यावं. अक्षरं सगळ्यात शेवटी. एकटी आय दिसली की आखूड : शिप, सिट, फिल, चिप, हिट. डबल ई किंवा ई-ए दिसली की लांब : शीप, सीट, फील, चीप, हीट. इथे जोडी कानाची मदतनीस होते. जो फरक नुसता ऐकून हाती लागत नव्हता, तो डोळ्यांना दिसायला लागतो, आणि एकदा दिसला की कानही हळूहळू धरतो.

दुसरं एक साधन सांगते, त्याला खर्च नाही. डी. बी. एल्कोनिन या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे चौकोन. शब्दात जितके आवाज तितके चौकोन पाटीवर काढायचे, अक्षरं किती ते बघायचं नाही. ‘रेन’ला तीन चौकोन : र, ए, न. अक्षरं चार आहेत, म्हणजे कुठल्यातरी एका चौकोनात दोघांना दाटीवाटीने बसवावं लागणार. मधल्या चौकोनात ए आणि आय. ‘शीप’ला पाच अक्षरं, पण चौकोन तीनच : एस-एच एका घरात, डबल ई एका घरात, पी एकटा. आधी प्रत्येक आवाजाला एकेक खडा सरकवायचा, नंतर खड्याच्या जागी अक्षरं लिहायची.

आपल्या मुलांना याची गरज जास्त, असं मला वाटतं. देवनागरीत लिहिलेली प्रत्येक खूण काहीतरी बोलते. ‘आई’ लिहिलं की आ आणि ई दोन्ही ऐकू येतात, ‘घेऊन’मधला ऊ कुणी गिळत नाही. अशा लिपीत वाढलेलं मूल ‘रेन’चं ‘रा-इन’ करतं, तेव्हा ते स्वतःच्या लिपीशी इमान राखत असतं. दोन अक्षरं मिळून एकच आवाज काढतात, ही कल्पनाच त्याला नवी आहे, आणि ती तोंडी सांगून पोचत नाही. चौकोनात दोघांना कोंबल्यावर पोचते.

प्रश्न : नातू तिसरीत आहे. इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचतो, पण अर्थ विचारला की खांदे उडवतो. मी त्याच्याकडून रोज दहा शब्द अर्थासह पाठ करून घेतो. आठवडा गेला की पाटी कोरी. – एक आजोबा

आजोबा, दहाचे तीन करा. आणि ते तीन एकाच जोडीचे निवडा.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं : अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, बरोबर वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एका बाजूला शून्य असेल तर दुसरी बाजू कितीही तगडी असली तरी उत्तर शून्यच. तुमच्या नातवाची पहिली बाजू उत्तम आहे, त्यामुळे निम्मं काम झालेलं आहे. दुसरी बाजू पाठांतराने भरत नाही, कारण दहा सुटे शब्द एकमेकांना धरून राहत नाहीत.

समजा ओ-ए घेतली. बोट, कोट, रोड त्याला येतात. त्यात फ्लोट, सोक आणि थ्रोट हे तीन घाला. फ्लोट म्हणजे तरंगणं. हे सांगून थांबू नका, बादलीत पाणी घ्या. पेन्सिल, खोडरबर, चमचा, बाटलीचं बूच : काय फ्लोट होईल, काय नाही, आधी त्याने सांगायचं आणि मग टाकून बघायचं. सोक म्हणजे भिजत राहणं, मुरेपर्यंत. बुचाचं काय झालं, रुमालाचं काय झालं? दुसऱ्या दिवशी प्रश्न उलटा करा : पावसात छत्री सोक होते की आपण? बोट कधी फ्लोट होत नाही? घसा दुखला तर कोट उपयोगी की टोस्ट? असले अर्धवट वेडे प्रश्नच शब्द मुरवतात. अर्थ विचारायचाच नाही, शब्द वापरून उत्तर द्यायला लावायचं. आठवड्यात तोच शब्द दोन-तीन वेगवेगळ्या वाक्यांत समोर आला की तो त्याचा झाला. नातवाने उत्तर मराठीत दिलं तरी चालेल. ‘सोक म्हणजे भिजत घालणं’ हे त्याला मराठीत कळणं हीच समज आहे.

तिसरी-चौथीत याहून मोठा फायदा पदरात पडतो. शब्दसंग्रहावर काम केलेल्या इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मानले : रोजच्या बोलण्यातले, पुस्तकांत वारंवार भेटणारे पण बोलण्यात कमी येणारे, आणि एखाद्या विषयापुरते. शिकवण्याची मेहनत मधल्या थरावर घ्यावी, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. आता गंमत बघा, या मधल्या थरातल्या कितीतरी शब्दांच्या पोटात त्याच ओळखीच्या जोड्या आहेत. रेनमधली ए-आय एक्स्प्लेन, कम्प्लेन आणि रिमेनमध्ये. सीटमधली ई-ए डिफीट, रिव्हील, इन्क्रीजमध्ये. कोचमधली ओ-ए अप्रोचमध्ये. कॉइनमधली ओ-आय अव्हॉइडमध्ये. लांबलचक शब्द दिसला की मुलं बिचकतात. त्यांना जोडी शोधायला सांगायचं, तिच्याभोवती पेन्सिलीने घर काढायचं आणि मग पुढचा-मागचा तुकडा जोडायचा. कम्प्लेन म्हणजे तक्रार करणं, हे कळायला तुमच्या नातवाला वेळ लागणार नाही.

ए-आयची एक खोड ठेवा ध्यानात : शब्दाच्या शेवटी, जोर नसलेल्या जागी, ती आवाज जवळजवळ सोडून देते. कॅप्टनला कुणी कॅप्टेन म्हणत नाही. माउंटन आणि सर्टनचंही तेच.

एकसारखे ऐकू येणारे, पण वेगळ्या स्पेलिंगचे शब्द मुलांना आवडतात. शेपटीचं टेल ए-आयने, गोष्टीचं टेल शेवटच्या मुक्या ईने. आठवड्याचं वीक डबल ईने, अशक्ताचं वीक ई-एने. यांनी शब्दसंग्रह झपाट्याने वाढतो. मात्र दोन्ही एकाच दिवशी समोर ठेवू नका. एक पक्का झाल्यावरच दुसरा आणा, नाहीतर कोणतं कुणाचं ही शंका कायमची बसते. मोठी माणसंसुद्धा त्या शंकेसकट वावरताना मी पाहिली आहेत.

प्रश्न : फोनिक्सच्या सरावपुस्तिकेत काहीच अर्थ नसलेले शब्द वाचायला दिलेत. छापताना चूक झाली की मुद्दाम? – एक वडील

मुद्दाम. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची फोनिक्सची चाचणी होते. त्यात ४० शब्द मोठ्याने वाचायचे असतात, त्यातले २० खरे आणि २० बनावट. बनावट शब्द पाठ असण्याची शक्यताच नाही, त्यामुळे मूल जोडी खरंच उलगडतंय का ते उघड होतं. तपासायला ही युक्ती चांगली. पण सराव म्हणून पानंच्या पानं बनावट शब्द वाचायला लावणं मला मान्य नाही. तेवढ्या वेळात खरे शब्द, अर्थासकट, हाती लागले असते. महिन्यातून एकदा चार-पाच पुरेत. तुम्हीच तयार करा, मुलं हसतात.

प्रश्न : वाचताना अडत नाही, पण श्रुतलेखनात ‘प्ले’ ए-आयने लिहितो आणि ‘रेन’ ए-वायने. – चौथीतल्या मुलाची आई

जागा बघायला शिकवा. इंग्रजी शब्दाला आयवर संपायला सहसा आवडत नाही, टॅक्सीसारखे पाहुणे किंवा आखूड केलेले शब्द सोडले तर. म्हणून मध्ये ए-आय, शेवटी ए-वाय : रेन, पण डे आणि प्ले. तसंच मध्ये ओ-आय, शेवटी ओ-वाय : कॉइन, पण बॉय. हे त्याला एका बैठकीत येईल. ओ-यू आणि ओ-डब्ल्यूला मात्र हा हिशेब पूर्ण लागू होत नाही. क्लाउडमध्ये ओ-यू आणि शेवटी काउमध्ये ओ-डब्ल्यू इथवर ठीक, पण टाउन आणि ब्राउनमध्ये ओ-डब्ल्यू मध्येच येऊन बसते, आणि स्नोमध्ये तर तिचा आवाजच वेगळा. तिथे शब्द बघून बघूनच पक्के होतात.

प्रश्न : मी मराठी माध्यमात शिकले. माझे इंग्रजी उच्चार यथातथाच आहेत. मी मुलाला सोबत घेऊन वाचू का, की माझ्यामुळे त्याचं वाचन बिघडेल? – पहिलीतल्या मुलाची आई

वाचा. तुम्ही वाचलं नाहीत तर जे बिघडेल, ते तुमच्या उच्चारांनी बिघडायचं नाही. ओ-एचा आवाज आपण मराठीतल्या ओसारखा सपाट काढतो, इंग्लंडमधला माणूस तो जरा वळवून काढतो. त्याने बोटचा अर्थ बदलत नाही. जिथे अर्थ बदलतो तेवढीच काळजी घ्या, म्हणजे शिप-शीप, फुल-फूल, आणि कोट-कॉट. शेवटच्याची धास्ती नको. ‘ऑ’ मराठी वर्णमालेत २००९ पासून रीतसर आहेच, आणि डॉक्टर म्हणताना तुम्ही तो रोज उच्चारता. शंका आली तर फोनवरच्या शब्दकोशात ध्वनिचिन्ह दाबून दोघांनी एकत्र ऐका. आईलाही शोधावं लागतं, हे मुलाने बघायला काहीच हरकत नाही.

पहिलीत जोड्यांची घाई मात्र करू नका. आधी कॅट, पेन, पिग, हॉट, सन असे एकेका आखूड स्वराचे शब्द न अडखळता यायला हवेत. ते आले की डबल ईने सुरुवात करा, मग ओ-ए, मग ए-आय. एक जोडी अंगवळणी पडल्याशिवाय दुसरी नको, आणि ई-ए सगळ्यांच्या शेवटी. तोवर तुम्ही मोठ्याने गोष्टी वाचून दाखवत राहा, त्याला वाचता येतात त्याहून अवघड. मराठीतल्याही. पुढे ज्या शब्दांवर तो अडेल, त्यातले निम्मे त्याच्या कानात आधीच जमा असतील.

वाचताना इअर, बेअर, हार्ट, अर्थ (पृथ्वी या अर्थाचा) हे इंग्रजी शब्द लागतील. चारही ठिकाणी ई-ए आहे, पुढे आर आहे आणि चारही वेगळे वाजतात. अशा जागी त्याला आवाज लावत बसवू नका. शब्द तुम्हीच सांगून टाका आणि पान उलटा.